मारुतीला कुठपर्यंत आलंय?

पावसाने दोन-तीन दिवस उसंत दिली नाही की नाशिकमध्ये जो तो एकच विचारतो, मारुतीला कुठपर्यंत आलंय? बाहेरगावचा माणूस गोंधळेल पण इथल्याला पुढचं काही सांगावं लागत नाही. रामकुंडाच्या जरा खाली, नदीपात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे, आणि गंगेला (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) पाणी वाढलं की ते मारुतीच्या अंगावर मोजायचं. पायाला लागलं, गुडघ्याला आलं, कमरेला, छातीला, गळ्याला, आणि मग डोक्यावरून गेलं. त्याच्याही पुढचं माप म्हणजे नारोशंकराची घंटा. ते देऊळ १७४७ चं, घंटा पोर्तुगीजांची, वसई जिंकल्यावर आणलेली, तिला पाणी लागलं म्हणजे महापूर असं म्हातारी माणसं सांगतात, आणि सरकारवाड्याच्या पायऱ्यांवरून पण हिशोब करणारे आहेत.

मी या सगळ्यात वाढले. माझं माहेर भांडीबाजाराजवळचं, अण्णांचं भांड्यांचं दुकान तिथेच, त्यामुळे पूर म्हणजे काय हे मला पुस्तकातून कधी शिकावं लागलं नाही. आणि गेली काही वर्षं एक गोष्ट मनात घोळतेय ती आज सविस्तर लिहायची आहे. आपल्या आजूबाजूला धोके खूप आहेत, पाण्याचे, डोंगराचे, जनावराचे, फवारणीच्या औषधांचे, पण त्यातले आपल्याला दिसतात ते फक्त ज्यांना खूण आहे तेच, आणि ज्यांना खूण नाही ते अगदी दाराशी असले तरी दिसत नाहीत. हुशार-अडाणी असा फरकच नाहीये त्यात.

आधी दुकानाचं सांगते. पाणी मारुतीच्या गुडघ्याला आलं अशी बातमी आली की अण्णा खालच्या फळीवरचा माल हलवायला घ्यायचे, पण सगळा नाही, आधी खोक्यातला. कुकर, मिक्सर, डबे, जे जे पुठ्ठ्याच्या खोक्यात असतं ते आधी, कारण खोकं भिजलं की आतली वस्तू चांगली असली तरी गिऱ्हाईक घेत नाही. पितळेची पातेली, घागरी, परातींना हात शेवटी, त्यांना नुसता गाळ लागतो, धुतलं की झालं. कमरेला आलं की उधारीच्या वह्या आणि गल्ला घरी, उरलेला माल पोटमाळ्यावर. छातीला आलं की शटर ओढून सरळ घरी यायचं, मग दुकानाचं काय होतंय बघायला पण जायचं नाही. घरी आई तोपर्यंत पिण्याचं पाणी भरून ठेवायची, कारण पूर म्हटलं की नळाला पाणी येईलच याची खात्री नाही. कोणी आरडाओरडा करायचं नाही, कोणी कोणाला ऑर्डर द्यायचं नाही, अख्ख्या गल्लीला माहिती असायचं की आता काय करायचं. बुधवारच्या बाजाराला घाटावर बसणाऱ्या बायका तर आमच्या आधी हलायच्या, त्यांना मारुतीच्या पायापर्यंत थांबायची पण गरज नव्हती, पाण्याचा रंग बदलला की पोती बांधायला सुरुवात.

आता विचार करा हे माप इतकं चांगलं का चालतं. ते दिसतं, घाटावर उभं राहून कोणालाही दिसतं. ते माणसाच्या अंगाचं माप आहे, कमरेएवढं पाणी म्हणजे काय हे लहान पोरालाही कळतं. ते सगळ्यांचं एक आहे, सराफाचं वेगळं आणि भाजीवालीचं वेगळं असं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक मापाला एक काम जोडलेलं आहे, इतकं आलं की हे करायचं. मला वाटतं इशारा म्हणजे हेच, ज्याच्या पुढे काम जोडलेलं नाही ती नुसती बातमी.

आणि आता मोबाईलवर काय येतं, तर गंगापूर धरणातून इतक्या इतक्या हजार क्युसेकने विसर्ग, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट पाणी, हे मला माहिती आहे, पण माझ्या शेजारच्या काकूंना त्या आकड्यावरून गाडी पार्किंगमधून काढायची का नाही हे कसं कळणार? त्यातून धरणातून सोडलेलं पाणी आणि रामकुंडावर दिसणारं पाणी हे एक नसतंच. धरण ते रामकुंड या पट्ट्यात जो पाऊस पडतो, जेवढे नाले मिळतात, गावातल्या डांबरावरून-काँक्रीटवरून जे पाणी सुसाट वाहत येतं, ते सगळं मध्ये येऊन मिळतं. म्हणून रामकुंडाजवळच्या होळकर पुलाखालचा आकडा धरणाच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठा असू शकतो. गावात शहरीकरण जितकं वाढलं तितकं हे मधलं पाणी वाढलं, पण लोक अजून धरणाचाच आकडा बघून म्हणतात, एवढंच सोडलंय ना, मग काही नाही. दहीपूल आणि सराफ बाजाराकडच्या दुकानदारांना विचारा, गंगेला पूर नसताना नुसत्या तासाभराच्या पावसात दुकानात पाणी शिरतं, कारण तिथे रस्त्याखालून सरस्वती नाला जातो आणि तो झाकलाय. झाकलेला नाला कोणाला दिसत नाही, त्यामुळे दर वेळी लोकांना वाटतं हे पाणी आलं कुठून.

धरणाबद्दल अजून एक. नाशिककरांना गंगापूर धरण म्हणजे आपलं वाटतं, पाणी पाजणारं, आणि ते खरंच आहे. पण धरण वर आहे म्हणजे खाली पूर येणार नाही हा जो एक विश्वास बसतो ना, तो फार धोक्याचा. गिल्बर्ट व्हाइट नावाच्या अमेरिकन भूगोलाच्या अभ्यासकाने १९४० च्या दशकातच हे मांडलं होतं की धरणं आणि बांध बांधले की लोकांना सुरक्षित वाटतं, मग ते नदीच्या अजून जवळ घरं बांधतात, आणि जेव्हा कधी मोठं पाणी येतं तेव्हा नुकसान आधीपेक्षा जास्त होतं. धरण लहान-मध्यम पूर अडवतं, म्हणजे दर दोन-चार वर्षांनी जी आठवण व्हायची तीच बंद होते. गंगापूरची साठवण ५,६३० दशलक्ष घनफूट. ऑगस्टमध्ये ते बऱ्यापैकी भरलेलं असताना वर त्र्यंबकला धो धो पडायला लागलं की येईल तेवढं पाणी खाली सोडण्याशिवाय धरणावरच्या माणसांकडे दुसरा मार्ग नसतो. यात कोणाची चूक नाही, मातीचं धरण आहे, त्याच्यावरून पाणी जाऊ देऊन चालत नाही.

१९६९ चा पूर माझ्या आजीने बघितला होता, तिचा काळ त्याच्यावरूनच मोजला जायचा, अमक्याचं लग्न पुराच्या आधी, तमक्याचा जन्म पुराच्या नंतर. मी २००८ चा बघितला. त्या सप्टेंबरात सराफ बाजारात होड्या चालवायची वेळ आली होती. त्याच्यानंतर मग नदीकाठी निळी रेषा आणि लाल रेषा आखली गेली आणि हे दोन शब्द नाशिकच्या बोलण्यात कायमचे आले. पण कसे आले बघा. फ्लॅट घेणारा विचारतो, ब्लू लाइनमध्ये तर नाही ना, लोन मिळेल ना, रिडेव्हलपमेंटला परवानगी मिळेल ना. म्हणजे ती रेषा कागदपत्रांची झाली, पाण्याची राहिलीच नाही. रेषेच्या आत जुना वाडा असलेल्यांना ती अन्याय वाटते, वाडा पडायला आलाय आणि बांधता येत नाही, त्यांचं दुखणं खरं आहे. रेषेच्या दहा फूट बाहेर फ्लॅट असलेल्याला वाटतं आपण सुटलो. पाण्याला ती रेषा माहिती नाहीये.

निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हे वाक्यच असं आहे की ऐकणारा फसतो. २००८ ला आला, म्हणजे आता २०३३ पर्यंत निवांत, असं मी चांगल्या शिकलेल्या लोकांच्या तोंडून ऐकलंय. त्याचा खरा अर्थ असा की दर वर्षी चार टक्के शक्यता आहे, आधीच्या वर्षी पूर आला होता का नाही याचा काही संबंध नाही. आता वीस वर्षांचं होमलोन घेतलं असं धरा, तर निळ्या रेषेवरच्या घराला त्या वीस वर्षांत एकदा तरी असा पूर बघावा लागण्याची शक्यता ५६ टक्के येते, निम्म्याहून जास्त. लाल रेषेचं गणित केलं तरी वीस वर्षांत १८ टक्के. बँकेने हप्त्याच्या तक्त्याबरोबर हा आकडा दिला असता तर किती जणांनी तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला असता? आणि नुसत्या गणितावर पण जाऊ नका, २००८ नंतर २०१६ च्या ऑगस्टमध्ये मोठं पाणी आलं, लगेच २०१९ च्या ऑगस्टमध्ये परत. अकरा वर्षांत तीन वेळा.

लग्नानंतर मी नंदिनीच्या बाजूला राहायला आले. नंदिनी म्हणजे नासर्डी, पश्चिमेच्या डोंगरांकडून येते, सातपूर एमआयडीसीजवळून, सिडको, उंटवाडी, मुंबई नाका करत टाकळीला गोदावरीला मिळते. टाकळीचा तो संगम म्हणजे समर्थ रामदासांनी जिथे तपश्चर्या केली ती जागा. आणि त्याच नदीला आमच्या भागात सगळे नाला म्हणतात, बिल्डरच्या ब्रोशरमध्ये तर तीही नाहीये, नुसतं हिरवळ दाखवलेली आहे. आमच्या सोसायटीत पुण्याहून आलेले आहेत, जळगाव-धुळ्याकडचे आहेत, उत्तरेतले आहेत, आणि अस्सल नाशिककर पण आहेत जे मारुतीचं माप घडाघडा सांगतील. पण नंदिनीला कुठपर्यंत पाणी आलं की आपल्या पार्किंगमध्ये शिरतं हे कोणालाच सांगता येत नव्हतं. नंदिनीबद्दल तक्रार एकच, वास येतो, डास होतात. उन्हाळाभर वास घेऊन घेऊन लोकांच्या डोक्यात ती घाणीची जागा म्हणून बसलीय, आणि जी घाण आहे ती आपल्याला बुडवू शकते हे मनात येतच नाही. छोट्या नदीचं पाणी फार पटकन चढतं. गोदावरीला धरण आहे, निदान भोंगा वाजतो, बातमी येते, तास-दोन तास मिळतात. नंदिनीवर सोडणारं कोणी नाही, त्यामुळे आता सोडलं असं सांगणारंही कोणी नाही. वर डोंगरात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला, इकडे आपल्याकडे रिमझिम आहे, आणि अर्ध्या पाऊण तासात पूल गढूळ पाण्याने भरलेला.

एका रात्री आमच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं. मोठं नुकसान नाही झालं, काही स्कूटर बंद पडल्या. पण मला जे दिसलं ते वेगळंच, विजेची सगळी मीटरं खाली पार्किंगच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला, आणि वॉचमनदादा त्या पाण्यातून चालत मेन स्विचकडे निघाले होते. कोणीतरी गॅलरीतून ओरडलं म्हणून थांबले. त्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा कशावर, तर स्कूटरचा इन्शुरन्स मिळेल का.

त्याच ग्रुपवर बिबट्याचा एक अंधुक फोटो आला की रात्रभर कोणी झोपत नाही. हे मी वाईट बोलत नाहीये, मलाही भीती वाटते. २०१९ च्या जानेवारीत सावरकरनगरमध्ये भरदिवसा बिबट्या पळत होता, २०२५ च्या नोव्हेंबरात महात्मानगर-कामगारनगरकडे, माणसं जखमी झाली, वनखात्याचे लोक पण. आपल्या कॉलनीत वाघासारखं जनावर फिरतंय हे चित्रच असं आहे की पोटात गोळा येतो. धोका कसा जाणवतो याचा अभ्यास करणारे सांगतात की जो धोका डोळ्यासमोर चित्र उभं करतो, जो आपल्या हातात नसतो, आणि जो नवीन असतो, तो आपल्याला असतो त्याहून मोठा वाटतो. आणि रोजचा, ओळखीचा, हळूहळू येणारा धोका आहे त्याहून लहान वाटतो. शहरात बिबट्या पहिल्या प्रकारातला आहे.

पण दारणा काठी जा. २०२० मध्ये तिथल्या गावांमध्ये बिबट्याने माणसं मारली, लहान मुलं गेली. माझ्या मोठ्या आत्याचं घर तिकडे मळ्यात, चारही बाजूंनी ऊस. तिथे बिबट्या चित्रातला नाहीये. आत्याची सून सांगत होती, ताई, आम्हाला बिबट्याची भीती वाटते त्यापेक्षा लाइटच्या वेळापत्रकाची जास्त वाटते. कारण शेतीपंपाला लाइट रात्रीची आली की पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं, हातात बॅटरी, पायात गमबूट, आणि उसातून वाकून दारं धरायची. वाकलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही म्हणतात. तिने मला जे सांगितलं त्यात धोक्याची मांडणी मला शहरातल्या कोणापेक्षा नीट वाटली, कारण तिला माहिती होतं की धोका जनावरात कमी आणि वेळेत जास्त आहे. दिवसा लाइट द्या, ही तिची बिबट्यावरची मागणी होती. शहरात मागणी असते पिंजरा लावा. दोघींचं जनावर एकच.

तशीच गोष्ट द्राक्षवाल्यांची. निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराइतका हवामान बघणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. ऑक्टोबर छाटणी झाली की मोबाईलमध्ये तीन-तीन अॅप, ढग आले की डावणी येणार, थंडी पडली की भुरी (दोन्ही वेलीचे बुरशीचे रोग), दव पडलं तर सकाळी सातच्या आत फवारणी झालीच पाहिजे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्याने बघितली त्याचं आभाळाकडे बघणंच बदललं. माझा मामेभाऊ आकाशातला एक काळा पट्टा बघून सांगतो हा आपल्यावर येणार का चांदवडकडे जाणार. इतकी सूक्ष्म नजर. आणि तोच भाऊ फवारणीचा ब्लोअर चालवताना तोंडाला साधा रुमाल बांधतो, कधी तोही नाही. म्हटलं अरे मास्क, गॉगल? म्हणे उकडतं, आणि इतकी वर्षं झाली, काय झालंय? २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे (वेलीची वाढ रोखणारं औषध) अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली, शेतकऱ्यांना फार मोठा फटका बसला, तेव्हापासून मण्यामधला औषधाचा अंश पीपीएमच्या (दहा लाखात एक भाग) खालच्या आकड्यापर्यंत मोजला जातो, कोणतं औषध तोडणीच्या आधी किती दिवस बंद करायचं हे त्याला तोंडपाठ आहे. मण्याला खूण आहे, लॅबचा रिपोर्ट आहे, आणि रिपोर्ट खराब आला तर कंटेनर परत येतो. फवारणाऱ्याच्या फुप्फुसाला, विहिरीच्या पाण्याला, बागेत डिपिंगला (घड औषधात बुडवायला) आणि विरळणीला येणाऱ्या मजूर बायांच्या हाताला असला काही रिपोर्ट नाही. वास गेला की औषध गेलं, असं धरून चालायचं. मला याचा फार त्रास होतो, कारण भाऊ आहे म्हणून नाही फक्त, त्या बाया तर कोणाच्याच हिशोबात नाहीत.

ब्रह्मगिरीचं लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. गोदावरी जिथून निघते तो डोंगर. २०२१ मध्ये त्याच्या पायथ्याशी खोदकाम आणि स्फोट होत असल्याच्या बातम्या आल्या तेव्हा नाशिकमध्ये लोक रस्त्यावर उतरले, बेळगाव ढग्याच्या संतोषा-भागडी डोंगरांसाठी पण उतरले, मीही गेले होते. शहरातल्या माणसाला ब्रह्मगिरी म्हणजे उगम, प्रदक्षिणा, श्रावणी सोमवार. डोंगराला जखम झाली की आपल्याला राग येतो तो श्रद्धेचा. पण त्याच डोंगराच्या अंगावर मेटघर किल्ल्याच्या वाड्या आहेत, कड्याखाली, पिढ्यान्‌पिढ्या. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं, दीडशेवर माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी तशीच गेली. त्यानंतर या वाड्यांबद्दल पण बोललं जायला लागलं.

मी तिकडच्या एका मावशींशी बोलले होते, प्रदक्षिणेच्या वाटेवर ताक विकतात. मी विचारलं, पावसाळ्यात भीती नाही वाटत? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की काय विचारतेय ही. म्हणाल्या, वाटते ना, का नाही वाटणार, दगड खाली येतो तेव्हा आवाज आधी आमच्या कानात येतो. मग सांगायला लागल्या, कुठल्या कोपऱ्यात जमिनीला भेग पडली होती, कुठलं झाड दोन वर्षांत वाकडं झालं, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ आलं की त्या रात्री कोणी त्या बाजूच्या घरात झोपत नाही. भूशास्त्राच्या पुस्तकात दरड कोसळण्याच्या याच खुणा दिलेल्या असतात, भेगा, कललेली झाडं, गढूळ झालेले झरे, दार-खिडक्या अडकायला लागणं. मग जात का नाही, असं आपण पटकन विचारतो. त्यांचं उत्तर सरळ होतं, खाली जागा देतील, घर देतील एक खोलीचं, गुरं कुठं बांधू, नागली-वरई कुठं लावू, ताक कोणाला विकू. म्हणजे त्यांना धोका कळत नाही असं नाहीच, उलट त्यांना दोन धोके दिसतायत आणि आपल्याला एकच. डोंगर एखाद्या वर्षी पडेल, पोट रोज आहे. हा हिशोब चुकीचा आहे असं म्हणायला मला तरी तोंड नाही. पुनर्वसन करायचं तर तो हिशोब धरून करावं लागेल, गुरांसकट, शेतासकट, नाहीतर माणसं परत वर जाणार.

आता सिंहस्थ येतोय, २०२७ चा. २०२५ च्या शेवटी साधुग्रामसाठी, म्हणजे साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, तपोवनातली अठराशेच्या आसपास झाडं तोडायचा विषय निघाला आणि अख्खं नाशिक पेटून उठलं, ते योग्यच झालं. झाड दिसतं, तुटलेलं झाड अजून जास्त दिसतं. पण मला त्याच जागेची दुसरी एक काळजी आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. नाशिकचा कुंभ हा पावसाळ्यातला कुंभ. मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे ज्या दोन महिन्यांत गंगेचे हे सगळे मोठे पूर आले, १९६९, २००८, २०१६, २०१९, तेच महिने. तपोवन नदीकाठचं. लाखो माणसं अशी येणार ज्यांनी मारुती कधी बघितलेला नाही, ज्यांना त्याच्या कमरेचा अर्थ माहिती नाही, आणि ज्यांच्यासाठी पाणी वाढणं म्हणजे उलट पुण्याचं, भरलेल्या गंगेत स्नान. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले, त्यानंतर गर्दीचे रस्ते, बॅरिकेड यांचं नियोजन खूप सुधारलं. पाण्याचा इशारा पण तसाच साध्या खुणांनी द्यायला हवा, घाटावर रंगवलेले मोठे पट्टे, हिरवा, पिवळा, लाल, हिंदीत मराठीत आणि चित्रांत, की पाणी इथे आलं की या बाजूला निघा. आकडे अधिकाऱ्यांसाठी ठेवा, यात्रेकरूला दिशा द्या.

आणि नाशिककरांसाठी माझी मागणी याहून साधी आहे. २००८, २०१६, २०१९, या तिन्ही पुरांचं पाणी जिथे जिथे आलं त्या त्या भिंतींवर रेघ आणि साल रंगवा, पुलांवर, शाळांच्या कंपाउंडवर, विजेच्या खांबांवर. नंदिनीवर, वाघाडी नाल्यावर पण. सांगणारी माणसं अजून आहेत, भांडीबाजारातला कुठलाही साठीचा दुकानदार तुम्हाला बोट ठेवून दाखवेल, पण अजून वीस वर्षांनी कोण दाखवणार? गाळे विकले जातायत, वाडे पडतायत, आणि भिंतीबरोबर खूण जाते. अण्णांनी दुकान बंद केलं त्याला आता बराच काळ झाला, नवीन मालकाला त्यांनी किल्लीबरोबर हेही सांगितलं की २००८ ला पाणी कुठल्या फळीपर्यंत होतं. त्याने तिथे स्केचपेनने रेघ मारून घेतली.

आमच्या सोसायटीत मीटिंगला मी हा विषय काढला तेव्हा लोकांनी ऐकून घेतलं, कारण स्कूटरवाल्या रात्रीचा ओला डाग पार्किंगच्या भिंतीवर अजून दिसत होता, त्याच्यावर बोट ठेवता येत होतं. ठरलं ते असं, त्या डागावर ऑइलपेंटने पट्टा मारायचा. उंटवाडीच्या पुलाचा एक खांब ठरवलाय, त्याच्यावर पाणी ठराविक जागी आलं की वरच्या मजल्यावरचे दोन जण खाली येऊन सगळ्यांच्या बेल वाजवणार, गाड्या काढायच्या, लिफ्ट वर नेऊन बंद करायची, आणि मेन स्विच आधी बंद करायचा, पाणी यायच्या आत. वॉचमनदादांना पाण्यात उतरायचं नाही असं स्पष्ट सांगितलंय आणि लिहून लावलंय. मीटरं वर पोडियमला न्यायचं एस्टिमेट इलेक्ट्रिशियनने दिलंय, वीज कंपनीची परवानगी लागेल, खर्च माणशी बराच येतोय आणि तीन फ्लॅटवाले अजून तयार नाहीत. त्यांच्याकडे या रविवारी परत जाणार आहोत.